फरशीवर उतरायची भीती

नवरा गेल्यावरही मी तशी एकटी नव्हते. सापगावच्या घरात मुलगा होता, सून होती. पण दोघं सकाळी कल्याणला कामाला जायची आणि दिवेलागणीला परतायची. मधला सगळा दिवस मी आणि घर. आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांच्या गलक्यात गेलेलं, त्यामुळे ती शांतता जड जायची, पण तिची भीती वाटत नव्हती. भीती सुरू झाली मी मोरीत पडले त्या दिवसापासून.

साबणाच्या पाण्यावरून पाय सटकला आणि मी भिंत आणि पिंप यांच्यामध्ये आडवी झाले. हाड मोडलं नव्हतं हे नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की मला उठता येत नाही. हात टेकला की निसटत होता. बाहेर मुरबाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे आवाज येत होते. मी हाका मारल्या. ज्या आवाजाने अख्खा वर्ग गप्प व्हायचा, तो मोरीच्या दाराबाहेरही गेला नाही. सून आली तेव्हा उन्हं उतरली होती. तिने शेजाऱ्यांना बोलावून आतली कडी तोडायला लावली. ओल्या साडीत, गारठलेली, अशी मला त्यांनी उचलली.

त्यानंतर मी पाणी पिणं कमी केलं. पाणी प्यायलं की मोरीत जावं लागतं. घरातल्या घरात भिंत धरून चालू लागले. अंगणात जायचं सोडलं, कारण मध्ये उंबरा होता. मुलाला सांगायची, गुडघे दुखतात. गुडघे मुळीच दुखत नव्हते.

रस्त्यापलीकडे एक विधवा राहायची. गावच्या नात्यानं मी तिला वहिनी म्हणायची. भातशेती केलेली, माझ्याहून वयाने मोठी, मोठ्या घशाची बाई. तिचा मुलगा वाशिंदला नव्या इमारतीत राहायला गेला, ती काही गेली नाही. इतरांसारखी तीही मला बाई म्हणायची, पण अगं-तुगं करून. एका दुपारी ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"चल गो बाई. समाजमंदिरात आपल्या वयाची सगळी जमतात. खेळ असतात, गाणी असतात."

"मला नाही जमायचं, वहिनी."

"काय नाय जमायचं? मी धरते ना हात."

तिने खरंच हात धरला. रस्ता ओलांडताना एक डंपर अंगावर आल्यासारखा गेला आणि मी तिच्या दंडात नखं रुतवली. ती मला तशीच पलीकडे घेऊन गेली.

समाजमंदिरात गावची आशाताई आणि आरोग्य केंद्रातली एक तरुण नर्स असायच्या. म्हातारी माणसं गोल करून खुर्च्यांवर बसायची. चेंडू एकमेकांकडे टाकायचा, टाळ्यांच्या तालावर पाय उचलायचे, खुर्ची धरून एका पायावर उभं राहायचं. कडेच्या वाडीवरची एक म्हातारी लग्नातली गाणी म्हणायची आणि आम्ही मागून सूर ओढायचो. या सगळ्यात मी रमू लागले. पण शेवटी नर्स फरशीवर सतरंजी अंथरायची आणि मी माझी खुर्ची मागे सरकवायची. खाली आडवं व्हायचं आणि कुणाच्याही मदतीशिवाय उठायचं: आधी कुशीवर, मग कोपरावर, मग गुडघ्यांवर, मग खुर्चीवर हात रोवून वर. एकेकजण हसत हसत करायचा. वहिनी तर पैज लावल्यासारखी करायची. माझी पाळी आली की मी पिशवी आवरायला लागायची. गार फरशी नुसती पाहिली तरी मला पाठीखालून वाहणारं ते पाणी जाणवायचं.

नर्सने कधी बळजबरी केली नाही. एवढंच म्हणाली, "आजी, जेव्हा वाटेल तेव्हा."

मला ते कधीच वाटणार नव्हतं.

भातं कापून झाल्यानंतरची गोष्ट. जमायचा दिवस होता. मी साडी नेसून खुर्चीत बसून होते. वहिनी यायची वेळ होऊन गेली. फोन केला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा केला. आता मला तो फोन तिच्या घरात वाजताना दिसू लागला, आणि त्याच्याजवळ कुणी नाही हेही दिसू लागलं. आजूबाजूची घरं बंद होती. मुलाला फोन लावून काय सांगणार? ती देवळात गेली असेल, असं स्वतःला समजावलं. पण देवळात जाताना ती रस्त्यावरूनच ओरडून सांगायची.

मी उंबरा ओलांडला. रस्त्याच्या कडेला किती वेळ उभी राहिले कोण जाणे. शेवटी एक रिकामी एसटी थांबली, ड्रायव्हरने हाताने खूण केली आणि मी तिच्यासमोरून पाय ओढत पलीकडे गेले. तेव्हा लक्षात आलं, फोन घरीच राहिला होता.

वहिनीचं पुढचं दार आतून बंद. आत टीव्ही मोठ्याने चालू. हाका मारल्या, कडी वाजवली. भिंतीला धरून मागच्या अंगणात गेले. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. ते ढकललं आणि खाटेपलीकडे तिचे पाय दिसले.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाक मारली तर हलली नाही. वरून तिचा श्वास चालू आहे की नाही ते दिसेना. मी तिथेच थिजले. मनात आलं, आपण परत फिरावं, कुणाला तरी बोलवावं, कुणीतरी येऊन बघावं. हे असलं बघणं आपल्याकडे नको.

मग खाटेची कड धरली आणि गुडघे वाकवले. गुडघे टेकले, हात टेकले, शेवटी तिच्या पाठीशी आडवी होऊन मी तिच्या तोंडाशी कान नेला.

श्वास होता. आणि अगदी बारीक आवाज, "बाई... हलवू नको गो मला. कंबरेत काय तरी मोडलंय."

"कधीपासून पडल्येस?"

"सकाळपासून. वाटलं, कोण नाय येत आता."

तिचा मोठा घसा कुठल्या कुठे गेला होता. मी तिचा हात धरला आणि रडायला लागले. तिच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठीही. आता आम्ही दोघी खाली होतो. तिचा फोन वर फळीवर होता. मी उठायला गेले, हात घसरला.

"मला उठता येत नाही, वहिनी."

"येतंय. कुशीवर वळ आधी."

वळले.

"कोपर टेक. घाई नको. आता गुडघ्यावर ये. खाट धर."

ती भिंतीकडे तोंड करून, कण्हत कण्हत सांगत होती, आणि मी तसं करत होते. खाटेच्या लाकडी कडेवर हात रोवून उभी राहिले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. ती ओसरेपर्यंत थांबले, मग फोन घेऊन आशाताईला लावला.

समाजमंदिरातली सगळी माणसं धावत आली. शहापूरहून रुग्णवाहिका आली, तिथून तिला ठाण्याला नेलं. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मुलाने तिला वाशिंदला नेलं.

तेव्हापासून समाजमंदिरात जमणाऱ्या आम्हा सगळ्यांत ठरलं, रोज सकाळी प्रत्येकाने शेजारच्याच्या दारात जाऊन हाक मारायची. ओ आली तरच पुढे जायचं. कुणी लवकर ओ दिली नाही की मी भिंत धरून मागच्या दाराकडे निघते. अजूनही.

वाशिंदला आम्ही काहीजण रिक्षा करून तिला भेटायला गेलो. ती खिडकीशी बसून होती. वॉकर भिंतीला लावलेला, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. पाऊल टाकायला ती तयार नव्हती.

"इथं पडले तर कोणाला हाक मारू?" ती म्हणाली. "समोर कोण राहतं ते पण ठाऊक नाय मला."

बाकीचे चहा घेत होते. मी बाहेर आले आणि समोरच्या दाराची बेल दाबली. आतून बराच वेळ काही आलं नाही. मग दाराची साखळी न काढताच फट उघडली. आत एक म्हातारी होती. तिचा हात चौकटीवर घट्ट होता, जसा माझा भिंतीवर असायचा.

"कोण हवंय?" तिने घाबरत विचारलं.

मी म्हणाले, "समोर माझी वहिनी राहते. ती पण दिवसभर एकटीच असते. येता का जरा बसायला?"

तिने दार लोटून घेतलं. मग साखळी काढल्याचा आवाज आला.