अकरा वाडगे खाऊस्वे

पाटीवर ‘चायनीज’ लिहिलं होतं. ते खोटं होतं, आणि ते खोटं लिहावं लागलं याचा मला राग यायचा. आत मिळायचं ते ब्रह्मदेशातलं खाणं. पण नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत नगरमध्ये ‘ब्रह्मदेशी’ अशी पाटी लावली असती तर कुणी पायरी चढलं नसतं. मंच्युरियनच्या दोन-चार गाड्या शहरात नुकत्याच आल्या होत्या, तो लाल रस्सा लोकांना आवडायला लागला होता, म्हणून पाटी रंगवणाऱ्यानेच शब्द सुचवला आणि मालकांनी मान डोलावली.

मालक म्हणजे एक निवृत्त फौजी. मूळचे मिरजगावजवळचे, लष्करात ड्रायव्हर होते. मणिपूरच्या सरहद्दीवर असताना तिथल्याच एका मुलीशी त्यांनी लग्न केलं. ती जन्माने ब्रह्मदेशची. तिची आई सरहद्दीवरच्या बाजारात नूडल्स विकायची. लग्नानंतर ती मिरजगावात आली, सासूच्या हाताखाली भाकरी थापायला शिकली आणि सासूचीच मराठी बोलायला लागली. मी तिला भेटले तेव्हा ती चाळिशीची होती. ठेंगणी, गोरी, नाकात चमकी, अंगावर नऊवारी नाही पण साडी चापूनचोपून. गिऱ्हाइकं तिला ‘चिनी बाई’ म्हणत. ती दर वेळी शांतपणे सांगायची, “चिनी न्हाई. मी मिरजगावची हाय.” लोक हसायचे. त्यांना वाटायचं, ती गंमत करते आहे.

भिंगारकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं ते चार टेबलांचं दुकान होतं. तिथे मंच्युरियन मिळायचं, कारण ते नसतं तर दुकान चाललं नसतं. पण खरी गोष्ट होती खाऊस्वे. नारळाच्या दुधात बेसन कालवून केलेला पिवळसर रस्सा, त्यात कोंबडी, खाली नूडल्स, वरून तळलेला लसूण, उकडलेलं अंडं, कांद्याची पात आणि लिंबू. पहिला घास घेतला तेव्हा मला आधी कढी आठवली आणि मग काहीच आठवलं नाही, इतकं ते वेगळं होतं. मिरजगावात ती हे सासूच्या हातच्या शेवयांवर करायची, असं तिनेच सांगितलं. सासू नाक मुरडायची आणि दोनदा वाढून घ्यायची.

मी तिथे का जायला लागले, ते सांगायला हवं. मी श्रीरामपूरची. वडील साखर कारखान्यात कामगार. घरात बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर. मला नगरच्या एका सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि मी तिथे खोली घेऊन राहायला लागले. पहिल्या दिवशी दुपारी बायकांच्या घोळक्यात डबा उघडला. कुणीतरी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला आहे ते. मी सांगितलं. त्यानंतर सगळ्यांचं वागणं इतकं गोड की विचारू नका. माझ्या डब्याच्या झाकणावर प्रत्येकीने आपापली भाजी वाढली. पण माझ्या डब्यात एकीचाही हात आला नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही, त्या वर्षात नाही. मी सकाळी पाचला उठून वांग्याची भाजी करत होते आणि संध्याकाळी ती तशीच परत नेत होते. एक दिवस डबा न्यायचं बंद केलं आणि दुपारी बाहेर चालत सुटले. तशी त्या दुकानात पोचले.

तिने मला आडनाव विचारलं नाही. तिला त्यातलं फारसं काही कळतही नसावं. तिने विचारलं, “पोरी, तिखाट किती?” बस्स.

कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी होती, माझ्याच वयाची, नुकतंच लग्न झालेली, स्वभावाने भाबडी. ती एकदा माझ्याबरोबर आली आणि खाऊस्वेच्या प्रेमात पडली. मग आम्ही आठवड्यातून दोनदा जायला लागलो. तिच्या तोंडून कौतुक ऐकून आमचे हेडक्लार्क तिथे गेले. कपाळावर गंध, खिशाला दोन पेनं, कचेरीत त्यांचा शब्द साहेबांइतकाच चालायचा. त्यांना मंच्युरियन आवडलं. मुलांसाठी पार्सल नेलं. दुसऱ्यांदाही नेलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

आणि तेच गृहस्थ एक दिवस चहाच्या वेळी म्हणाले की त्या दुकानात कुत्र्याचं मटण असतं. भिंगारच्या बाजूला भटकी कुत्री कमी झालीत, कुणाच्या लक्षात आलं का, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. त्या बाईच्या मुलखात कुत्री खातात, बेडूक खातात, हे त्यांना कुणीतरी खात्रीशीर सांगितलं होतं. कोणी, ते सांगितलं नाही. बायकांनी पदर तोंडाला लावले. मी म्हटलं, मी वर्षभर तिथे जेवते, स्वयंपाक माझ्या समोर होतो, कोंबडी मालक स्वतः बाजारातून आणतात. माझा आवाज चढला असावा. त्यांनी माझ्याकडे बघून अगदी समजुतीच्या सुरात म्हटलं, “तुमचं ठीक आहे हो. तुमच्यात सगळंच चालतं.”

खोलीत पंधरा माणसं होती. पंखा फिरत होता. कुणीतरी फाइल उघडली. माझी मैत्रीण टेबलाकडे बघत राहिली. उत्तर रस्त्यात सुचलं, खोलीवर सुचलं, आंघोळ करताना सुचलं, आणि आजही सुचतं. त्या वेळी मात्र मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा राग त्यांच्यावरच्या रागाहून मोठा आहे.

महिनाभरात दुकान ओस पडलं. कुणीतरी निनावी अर्ज केला. तपासणीला माणूस आला, त्याने भांडी पाहिली, मांस पाहिलं, सगळं ठीक असल्याचं लिहून दिलं. मालकांनी त्याला पाण्याचा पेला दिला. तो त्याने हातातसुद्धा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी आपला वर्दीतला फोटो आणि लष्करातून निवृत्तीचा कागद फ्रेम करून गल्ल्यामागे टांगला. सतरा वर्षं नोकरी केलेल्या फौजीला, आपली बायको कोंबडीच शिजवते हे पटवायला, भिंतीवर वर्दी टांगावी लागली. आणि उपयोग काय? लोक आत यायचेच नाहीत, तर भिंत कोण बघणार?

त्याच सुमारास माझी नोकरी कायम झाली. आमच्याकडे अशा वेळी पेढे वाटायची पद्धत. मी सगळ्यांना सांगितलं, पेढे नाहीत, शनिवारी कचेरी सुटल्यावर दुपारी माझ्याकडून जेवण. कुठे, तेही सांगितलं. एकेकाच्या टेबलापाशी जाऊन, नाव घेऊन विचारलं. हेडक्लार्क हसून म्हणाले, येऊ की. एकूण दहा जण हो म्हणाले. मला ठाऊक होतं यातले बरेच येणार नाहीत. तरी मी दुकानात अकरा जणांचं सांगून आले. खरं सांगायचं तर ते येतात की नाही हे मला बघायचंच होतं. त्यांना रंगेहाथ पकडायचं होतं.

शनिवारी तिने टेबलं एकत्र जोडली होती. त्यावर पांढरी चादर अंथरली होती, घरातली असावी. मालकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच एवढी गिऱ्हाइकं येणार होती. मोठ्या पातेल्यात रस्सा उकळत होता, परातीत लसूण तळून ठेवला होता, अकरा अंडी सोलून ठेवली होती. अकरा वाडगे ओळीने मांडले होते.

दीड वाजला, दोन वाजले. अडीचला माझी मैत्रीण आली, घाईघाईने, मागे वळून बघत. बाकी कुणी आलं नाही. ती आणि मी त्या लांब टेबलाच्या एका टोकाला बसलो. तिने दोन वाडगे खाल्ले, तोंड पुसलं, माझा हात दाबला आणि सासूच्या चहाची वेळ झाली म्हणून निघून गेली.

मग मी मालकीणबाईंपुढे बडबडायला लागले. ते लोक कसे आहेत, कुणी काय म्हटलं, ते येणार नाहीत हे मला माहीतच होतं, आता सोमवारी एकेकाला जाब विचारते. ती नऊ कोरडे वाडगे एकात एक ठेवत होती. ती थांबली.

“तुला म्हाईत हुतं?”

मी हो म्हणाले.

“म्हाईत हुतं, आन तरी मला येवढं रांधाया लावलंस? तुझं भांडन त्यांच्याशी. माझ्या चुलीवर कशाला आनलंस?”

फौजीकाका म्हणाले, जाऊ दे, लेकरू आहे. ती म्हणाली, “लेकरू न्हाई. शिकलेली बाई हाय.” आणि आत गेली.

इतकं खरं मला आजवर कुणी ऐकवलेलं नाही. तरी तेव्हा मला वाटलं, हिला काही कळत नाही, मी हिच्यासाठीच तर भांडते आहे. पैसे टेबलावर ठेवून मी बाहेर पडले.

सोमवारी डबे उघडले तेव्हा मी मुद्दाम बायकांच्या घोळक्याजवळ जाऊन बसले. कुणीतरी माझ्या मैत्रिणीला विचारलं, तू गेली होतीस म्हणे. ती म्हणाली, “गेले होते, पण नुसतं सरबत घेतलं.” मला राहवलं नाही. मी म्हटलं, “हिने दोन वाडगे खाल्ले. वर अंडंही मागून घेतलं.” ती रडायला लागली. सगळ्याजणी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच तिला कुत्रं खायला घातलं. तिच्या सासरी त्यावरून काय झालं ते मला नंतर कळलं, आणि ते चांगलं नव्हतं. मी तिची माफी मागितली नाही. हे लिहितानाही मागावीशी वाटत नाही, आणि वाटायला हवी हे कळतं.

मग मी उठले आणि हेडक्लार्कच्या टेबलापाशी गेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “तुम्ही दोनदा पार्सल नेलंत. मुलांना खायला घातलंत. तेव्हा कुत्री कमी झाली नव्हती का?” ते लाल झाले. तेव्हा माहीत नव्हतं, असं काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, “आणि आमच्यात काय चालतं, ते मला विचारा. मी सांगेन.” त्यांनी विचारलं नाही. पुढे दोन महिन्यांत माझी बदली श्रीगोंद्याला झाली. नियमाप्रमाणेच झाली, कागद चोख होता.

जायच्या आधी मी त्या दुकानात गेले, तर कुलूप. शेजारच्या सायकलवाल्याने सांगितलं, त्या शनिवारी उरलेलं पातेलं त्यांनी हातगाडीवर घालून लष्कराच्या छावणीजवळच्या वस्तीत नेलं. तिथे ईशान्येकडच्या जवानांची कुटुंबं राहायची. तासाभरात पातेलं रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबांतल्या बायकाच विचारत आल्या. आठवड्याभरात दोघांनी तिकडेच पत्र्याची शेड घेतली.

मी शोधत गेले. शेडवर पाटीच नव्हती. बाकड्यांवर जागा नव्हती, मी उभी राहिले. भोवती तीन-चार भाषा चालल्या होत्या, मला एकही कळत नव्हती. तीही त्यातली एक भाषा बोलत होती, भराभर, मोठ्याने, हसत. जुन्या दुकानात मी तिला कधी एवढ्या मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. मला बघून तिने वाडगा भरला आणि हातात दिला. मी म्हटलं, काकू, त्या दिवशी माझं चुकलं, मला बोलायचंय.

“आता न्हाई,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक हाय.”

मी उभ्याउभ्या खाल्लं, रांगेत पैसे दिले आणि गर्दी कमी व्हायची वाट बघत कोपऱ्यात थांबले. गर्दी कमी झाली नाही. श्रीगोंद्याची एसटी चारला होती. फौजीकाकांनी लांबूनच हात केला आणि मी माळीवाड्याच्या स्टँडकडे निघाले.