शेऱ्याचा रकाना

रेघा मारलेल्या कागदावर शेवटी ‘शेरा’ असा रकाना दिसला, की ती घटना मला आजही आठवते.

मी तेव्हा ठाण्यातल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होते. समलिंगी विवाहाला मान्यता द्यावी का, हा प्रश्न कोर्टापुढे होता आणि सोसायट्यांच्या मीटिंगांतही त्यावर वाद रंगत होते. एका गुरुवारी सकाळची हजेरी आटोपून मी ड्युट्या लावत होते. तेवढ्यात डोंबिवलीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत फाइल. त्यांनी टेबलावर एक छापील पत्रक ठेवलं.

बाळकुममधल्या एका संकुलाचं नाव, विंग, फ्लॅट नंबर. पुढे मजकूर : ‘इथे दोन नर्स नवरा-बायकोसारख्या राहतात. रविवारपर्यंत घर सोडा, नाहीतर आम्ही येतोय.’ आणि खाली ठळक अक्षरांत सरांच्या मोहिमेला जाहीर पाठिंबा. संकुलाच्या टपालपेट्यांत आदल्या दिवशीच ही पत्रकं टाकलेली होती; तिथल्या एका सही करणाऱ्याने हे सरांना आणून दिलं होतं.

“अशा विवाहांना मान्यता देऊ नये म्हणून सह्या गोळा करतो, तो मीच,” सर म्हणाले. “पण मॅडम, हा पाठिंबा मला नको.”

“मुली तुमच्या ओळखीच्या?”

“नावंही माहीत नाहीत.”

“मग पत्ता या पत्रकवाल्यांना कुणी दिला?”

“तेच तर विचारायला आलोय.”

आपल्याच बाजूच्या लोकांविरुद्ध तक्रार घेऊन येणारा माणूस पोलिसाला क्वचित भेटतो. तो एकतर फार पोचलेला असतो किंवा अगदी सरळ. सर कोणते, हे ठरवण्यासाठी मी त्यांची फाइल मागितली.

फाइल बघून मला मनातल्या मनात हेवा वाटला. मी स्वतः याद्या करणारी बाई. बाजाराचीसुद्धा यादी क्रमवार लिहिते. सरांच्या प्रत्येक पानावर आखीव रकाने होते : अनुक्रमांक, नाव, पत्ता, सही, आणि शेवटी शेरा. शाळेत जन्म गेलेला माणूस शेऱ्याच्या रकान्याशिवाय तक्ता आखूच शकत नाही. आमच्या ठाण्यातल्या नोंदवह्याही तशाच असतात. आणि रकाना दिसला की लोक तो भरतातच. कुणी ‘सहमत’ लिहिलं होतं, कुणी ‘पूर्ण सहमत’, एकाने तर ‘आमची लिफ्ट महिनाभर बंद आहे, कोणीतरी लक्ष घाला’ असंही.

अकराव्या पानावर बाळकुमच्या एका गृहिणीचा शेरा होता : ‘आमच्या शेजारी ६०४ मध्ये अशाच दोघी आहेत. नर्स आहेत.’

मी पान सरांसमोर फिरवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मी सह्या मोजत होतो,” ते हळूच म्हणाले. “शेरे वाचलेच नाहीत.”

“ही पानं आणखी कुणी पाहिली?”

“रोज संध्याकाळी फोटो काढून ग्रुपवर टाकतो. कामाचा अहवाल म्हणून.”

ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं. लिंक मिळेल तो आत.

दुपारी मी साध्या कपड्यांत ६०४ वर गेले. सोबत एक महिला हवालदार. दारामागे दोन भरलेल्या बॅगा होत्या. दोघींपैकी एक दातांची डॉक्टर निघाली, दुसरी बँकेत होती. नर्स कुणीच नव्हती. शेजारणीने डॉक्टरचा पांढरा कोट पाहून अंदाज बांधला होता आणि तीच चूक पत्रकात जशीच्या तशी उतरली होती. पत्ता त्या पानावरूनच गेला होता, यात शंका उरली नाही.

“तक्रार का नाही केलीत?” मी विचारलं.

“मॅडम, कम्प्लेंटमध्ये आमचं नाव येणार,” डॉक्टर म्हणाली. “माझ्या आईबाबांना गावी काही माहीत नाही. ते लोक रविवारी येणार, तुम्ही आज घरी फोन करणार. फरक काय?”

फोन होणार नाही, एवढं मी सांगितलं आणि गेटवर दोन शिपाई लावले. पण पहारा किती दिवस पुरणार? गुन्हा दाखल व्हायला हवा होता.

असल्या गुन्ह्याची खबर कुणीही देऊ शकतो. मी परत येऊन सरांना ते समजावलं. फिर्यादी ते झाले तर मुलींना पुढे यावं लागणार नव्हतं. मात्र पत्ता आपल्याच यादीतून गेला, हे त्यांना सहीनिशी लिहून द्यावं लागणार होतं. मोहीम तिथेच संपणार होती.

सरांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. “लिहून घ्या,” ते म्हणाले. “माझी चूक पहिल्या परिच्छेदात.”

जबाब चालू असतानाच धागा मिळाला. फोटोंबद्दल कुणी काही विचारलं होतं का, असं मी सहज म्हटलं.

“हो, कल्याणच्या एका कार्यकर्त्याने. अकराव्या पानाचा फोटो पुसट आलाय, परत पाठवा म्हणाला. मी उजेडात नीट काढून पाठवला.” मग अजूनही थोड्या कौतुकानेच, “एवढ्या आस्थेने वाचणारा तो एकटाच हो.”

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मग सरांनीही पाहिलं, आणि पेन खाली ठेवलं.

त्या कार्यकर्त्याचं कल्याणमधलं दुकान लग्नपत्रिका छापणारं होतं. संगणकात पत्रकाचा मसुदा सापडला, पंचनामा झाला. दुकानदार तिशीतला, एका जहाल टोळक्याचा म्होरक्या. चौकशीत तो तासभर ‘मला काय माहीत’ म्हणत राहिला. सर समोर आले तेव्हा मात्र उसळला.

“सर, तुमच्यासाठीच केलं ना! तुमच्या सह्यांनी घंटा फरक पडणारेय!”

“माझ्यासाठी? मग मला विचारलंस का रे?”

“तुम्ही हो म्हणाला नसता.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

संध्याकाळपर्यंत त्याने साथीदारांची नावं दिली. रविवारी बाळकुमला कुणी आलं नाही.

पुढच्या आठवड्यात दोघी आपणहून जबाब द्यायला आल्या. बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. सरही जबाबावरच्या सहीसाठी आलेले. मी दारातून ऐकत होते.

“तुम्हीच ते सर?” डॉक्टरने विचारलं.

“हो.”

“अजून विरोध आहे?”

“आहे.”

“मग फिर्याद कशाला दिलीत?”

“मला कायद्यावरून भांडायचं होतं, पोरी, तुमच्याशी नाही. तुमच्या दारापर्यंत मीच वाट दाखवली. माफी मागतो.”

डॉक्टरने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि सर त्या जागेवर बसले.

मला वाटायचं, नोंद जितकी जास्त तितकं काम चोख. या प्रकरणाने शिकवलं, की कागदावर मोकळी जागा ठेवली तर माणसं त्यात शेजाऱ्याचं आयुष्य लिहून टाकतात, आणि ते वाचणारा कोण असेल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. सरांनी उरलेले कोरे तक्ते मला आणून दिले होते, शेवटचा रकाना कात्रीने सरळ रेषेत कापून. त्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर मी अजून याद्या करते.