जावयाला माफी, मग खजिनदाराला काय?

मंडळीला फसवले तिच्या करसल्लागाराने, आणि खजिनदाराला फसवले मंडळीने. पहिल्याला मी पकडले. दुसऱ्यांना पकडायला माझ्याकडे कलम नव्हते. नोकरीत इतकी प्रकरणे हातावेगळी केली, पण हे एक अजून डोक्यातून जात नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते आणि मी अकोल्यात ठाणेदार होतो. शहरातल्या एका चर्चचे गोरे साहेब कायमचे मायदेशी परतले. जाताना चर्चची इमारत, एक बंगला आणि थोडी जमीन त्यांनी इथल्या ख्रिस्ती मंडळीच्या हवाली केली. साहेब होते तोवर हिशेब, घरपट्टी, सरकारी कागद सगळे तेच पाहत. आता पंचकमिटी नेमली गेली. अध्यक्ष एका शाळेचे हेडमास्तर आणि खजिनदार मिशनच्या दवाखान्यातला कंपाउंडर. बंगल्याचे भाडे येई, रविवारचे दान येई, आणि मोठी रक्कम येई ती हंगामाच्या सणाला.

हा सण मी स्वतः पाहिला आहे. खेड्यापाड्यांतली माणसे नव्या पिकातले काही ना काही आणून वेदीपुढे ठेवतात: ज्वारीची कणसे, कापूस, कोहळे, संत्री, कोंबडी. उपासना संपली की अंगणात लिलाव. कोंबडी घेणारा पुष्कळदा तीच परत दान करतो आणि पुन्हा बोली सुरू होते. एक कोंबडी तीन-तीनदा विकली जाते. मी पोरवयात कापूस बाजारात अडत्याकडे पाणी भरून वर आलेला माणूस. भाव पाडण्यात माझा हात धरणारा ठाण्यात कोणी नव्हता. पण लोक हसत हसत स्वतःवरच भाव चढवून घेतात, हे मी तिथेच पहिल्यांदा पाहिले.

राज्य बदलले तसा धार्मिक संस्थांच्या नोंदणीचा नवा कायदा इकडे लागू झाला आणि सगळेच गोंधळले. त्या गोंधळात अध्यक्षांचा जावई पुढे आला. मूळचा मोर्शीकडचा, पण सासऱ्याच्या घरी राहून व्यापाऱ्यांची टॅक्सची कामे करायचा. कमिटीला त्याने सांगितले, “साहेब गेले, त्यांची सूटही गेली. आता भाड्यावर कर, लिलावावर कर, दानावर कर. नोटीस यायच्या आत भरलेलं बरं.”

खरी गोष्ट अशी होती की प्रार्थनेच्या इमारतीला घरपट्टी माफ होती आणि धर्मकार्यात खर्च होणाऱ्या उत्पन्नावर आयकर नव्हता. भरायची होती ती फक्त भाड्याच्या बंगल्याची घरपट्टी. पण कचेरीत जाऊन विचारले कोणी नाही. सरकारला आपण होऊन काही विचारणे म्हणजे मान पुढे करणे, असे आपल्याकडे शिकलेल्या माणसालाही वाटते. खजिनदार रोकड देत गेला. पावती मागितली की जावई म्हणे, “वर्षाअखेर एकदम देतो.” अध्यक्षांच्या जावयाला दुसऱ्यांदा कसे विचारायचे?

मग नगरपालिकेची नोटीस आली. बंगल्याची घरपट्टी थकली आहे, भरा, नाहीतर जप्ती. जावयाने हात वर केले. “मी फक्त सल्ला दिला. पैसा माझ्या हातात कधी आलाच नाही.” खजिनदाराने त्याच वर्षी घरावर नवे टिन घातले होते. लोकांना तेवढे पुरले. रविवारच्या उपासनेत, अपहाराच्या संशयावरून खजिनदाराला पदावरून काढले आहे, असे पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, वेदीवरून वाचायला लावले. तो बायकोमुलांसह समोरच बसला होता. दुसऱ्या दिवशी कमिटी फिर्याद घेऊन ठाण्यात आली.

मी खजिनदाराला बोलावले. तो खुर्चीवर बसेना. उभ्यानेच म्हणाला, “साहेब, पैसे मी दिले. मायापाशी पुरावा नाही.”

“टिन कोठून आणले?”

“बायकोनं पाटल्या मोडल्या.”

मी जमादाराला सराफाकडे पाठवले. गोष्ट खरी निघाली. पण त्याने एवढेच ठरले की टिन चर्चच्या पैशाचे नव्हते. चर्चचा पैसा गेला कुठे, हे तसेच राहिले.

त्याच आठवड्यात अंडी विकणारी एक म्हातारी ठाण्यात आली. ती त्याच मंडळीतली. मी पाहिलेल्या लिलावात तीनदा विकली गेली ती कोंबडी तिनेच दिलेली.

“ठानेदार साहेब, तुमी कंपोंडरले धरलं म्हंते?”

“धरलं नाही मावशी, विचारून राहिलो.”

“त्याले इचारून काय भेटते? जावईबापूले इचारा. मी त्याइच्या घरी अंडे देतो. चार अंड्यासाठी अर्धा घंटा हुज्जत घाले तो मानूस. आता सालभरापासून भावच इचारत नाही. मी सांगतो तेवढे टाकते. म्या दोनदा भाव वाढोला, तरी चूप.”

“मग तुझं तर बरंच झालं की.”

“माहं बरं झालं जी. पन हे काई बरं नाही.”

जमादार हसला. मी हसलो नाही. जन्मभर घासाघीस करणारा माणूस एकाएकी भाव करायचे सोडतो, तेव्हा त्याच्या खिशात दुसऱ्याचा पैसा असतो. हे मला बाजाराने शिकवले होते, पोलीस ट्रेनिंग स्कूलने नव्हे.

मी जावयाला बोलावले. दरडावले नाही, हात तर लावलाच नाही. चहा मागवला. कोट घालून, पायावर पाय टाकून तो बसला होता.

“टॅक्सवाले साहेब, चर्चकडून फी किती घेता?”

“फी कसली? ती सेवा आहे.”

“असेल. पण कंपाउंडर म्हणतो, तुम्हाला पाच हजार दिले.”

तो हसला. “तो दहाही म्हणेल.”

“दहा नाही म्हणत, पाचच म्हणतो. एका हंगामाचेच तीन हजार, म्हणे. तुमच्या सासऱ्यांनाही पटलंय.”

यातले शेवटचे वाक्य माझे होते, सासऱ्यांचे नव्हे. पण त्याने कप खाली ठेवला.

“तीन हजार? अहो, लिलावातली निम्मी बोली उधारीची असते. लोक कापूस विकल्यावर पैसे आणतात, नाहीतर आणतच नाहीत. माझ्या हातात बाराशेसुद्धा पडले नाहीत.”

जमादाराने लिहिणे थांबवून माझ्याकडे पाहिले.

“बाराशे नाही,” मी म्हणालो. “मग किती पडले ते सांगा. तुमच्यावर अन्याय नको.”

बाजारात भावावर भांडणारा माणूस एक गोष्ट आधीच कबूल करून बसलेला असतो: माल त्याला मिळाला आहे. जावयाला ते कळले तोवर उशीर झाला होता. माझ्या जागी दुसरा ठाणेदार असता तर त्याने पट्टा काढला असता, आणि त्या माणसाच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडले नसते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, आणि सांगत असलो तर तो माझा हक्क आहे.

पण पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात उभा राहत नाही. आरोपीने दाखवलेल्या जागेवरून माल निघाला तर तो उभा राहतो. “उरलेला पैसा कुठे आहे?” यावर मात्र मी त्याला सोडला नाही. मोर्शीच्या पुढे त्याने एका बागेतला संत्र्याचा बहार, म्हणजे झाडावरचे सगळे पीक, विकत घेतला होता. तिथल्या ठाण्याला कळवले, गावातले दोन पंच घेतले. बागेतल्या झोपडीत त्याने स्वतः पेटी उघडून दिली. नोटा होत्या आणि त्या चर्चच्या दानाच्या काळ्या मखमली थैलीत होत्या. खजिनदाराने दिली तशीच त्याने ती ठेवली होती. मखमल चांगली होती, फेकायला जीव झाला नसेल. महिला मंडळाच्या बायांनी आपली शिवण ओळखली. पंचनामा असा झाला की वकिलाला बोट ठेवायला जागा नव्हती. जिल्ह्याच्या साहेबांनी माझ्या नावाची बक्षिसासाठी शिफारस लिहिली.

तारीख जवळ आली आणि कमिटी पुन्हा ठाण्यात आली. आदल्या रविवारी जावयाने वेदीपुढे गुडघे टेकून रडून घेतले होते.

अध्यक्ष म्हणाले, “ठाणेदारसाहेब, मंडळीने त्याला क्षमा केली आहे. आम्हाला खटला नको. बाकीचे पैसे तो हप्त्याने देईल.”

“आणि कंपाउंडर?”

“त्याचं काय?”

“त्याची क्षमा कोणी मागितली? त्याचं नाव वेदीवरून वाचलं होतं तुम्ही.”

“त्यांनी पावती न घेता पैसे दिले. निष्काळजीपणा तर झालाच ना?”

माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. “मास्तर, चोराला क्षमा अन् ज्याला चोर म्हटलं त्याच्यावर ठपका? हा कोणत्या बाजाराचा भाव आहे?” अध्यक्षांनी टोपी उचलली. कोर्टाने तडजोडीला परवानगी दिली. माझ्या कागदावर “आपसांत मिटले” असा शेरा आला आणि मिटलेल्या खटल्याला बक्षीस कसले, म्हणून शिफारस मागे घेतली गेली. मी दोनदा लिहून विचारले. उत्तर आले नाही.

खजिनदार दवाखान्याची नोकरी सोडून चिखलदऱ्याला एका कॉफीच्या मळ्यात हिशेबनीस झाला. परक्या मळेवाल्याने डोळे मिटून त्याच्या हाती तिजोरी दिली. स्वतःच्या मंडळीने त्याला परत बोलावले नाही. एकदा एस.टी. स्टँडवर भेटला, तेव्हा म्हणाला, “आमी घरीच प्रार्थना करतो साहेब. देवाले चालते.” काही वर्षांनी तो गेला.

पुढे देवळांच्या, दर्ग्यांच्या, शाळांच्या ट्रस्टची प्रकरणे माझ्याकडे आली. सगळीकडे मी पहिला प्रश्न हाच विचारला की कमिटीत कोणाकोणाचे जावई आहेत. पावती मागणे म्हणजे अविश्वास, ही समजूत चोराच्या फार सोयीची असते, हेही मी त्याच प्रकरणात शिकलो. क्षमेविषयी माझे काही म्हणणे नाही. मंडळीचा पैसा गेला होता, तो तिने सोडून दिला, तो तिचा अधिकार. पण खजिनदाराचे गेले ते नाव. ते सोडून देण्याचा अधिकार या लोकांना कोणी दिला?

ते अध्यक्ष आज हयात आहेत, त्यांचा मान आहे, सत्कार होतात. त्यांनी उत्तर द्यावे. खजिनदाराला काढले हे भर उपासनेत वाचता आले, मग तो निर्दोष आहे हे आजवर का वाचले नाही? मला उत्तर नको. त्याची बायको अजून चिखलदऱ्याला राहते. तिच्या दारात जाऊन द्यावे.