एकाच वारेच्या दोघी

जिजा आमच्याकडे यायची ती वर्षातून एकदा, माझ्या लेकीच्या, सोनूच्या वाढदिवसाला, आणि प्रत्येक वस्तू दोन आणायची. दोन रिबिनी, बांगड्यांचे दोन जोड, नारळाचे दोन लाडू. एक सोनूच्या हातात द्यायची. मग मागच्या वाडीत जाऊन दुसरी रिबीन केळीच्या बुंध्याला बांधायची, दुसरा लाडू तिथेच खाली ठेवायची आणि मागे वळून न बघता बांधावरून निघून जायची. तो लाडू कावळ्याचा, असं मी सोनूला सांगितलं होतं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मॅट्रिक झालेली आहे आणि तोंडाने फटकळ आहे, हे माझ्या सासूबाईंनी, यशोदाबाईंनी, सगळ्या आळीला सांगून ठेवलेलंच होतं. तरीसुद्धा जिजा दारात आली की मी सोनूचा हात धरून ठेवायची.

जिजा मूळची कामणची. लग्न होऊन ती वसईत आमच्या वाड्यांच्या टोकाला, खाडीकडे राहायला आली, लवकर विधवा झाली आणि सुईणपणावर जगली. उंच, सुकलेली, बोलायला कंजूष. पोर बाहेर आलं की बाकीच्या सुइणी नाळ कापायला धावत. जिजा नाही. ती दोन बोटं नाळेवर ठेवून गप्प बसायची. नाळ उडत असते, आतल्या नाडीसारखी. पोराने स्वतःचा श्वास धरला की ती हळूहळू उडायची थांबते आणि पांढरी पडते. तेव्हा कुठे जिजा दोरा मागायची. पोर रडलंच नाही, तर ती पोरामागून पडलेली वार परातीतल्या कढत पाण्यात ठेवून शेकायची आणि पोराशी नाही, वारेशी बोलायची. "जा गं बाय, तुजा काम झाला. आता तिकडं जा." वारेतला जीव नाळेतून पोरात जातो, असं ती मानायची. आमच्या आळीत कितीतरी पोरं अशी निळ्याची लाल झालेली सासूबाईंनी पाहिली होती.

माझं बाळंतपण शहात्तर साली, भातकापणीच्या दिवसांत, महिनाभर आधीच आलं. भर दुपारची वेळ. पुरुषमाणसं सगळी शेतावर. गाडी मिळून दवाखाना गाठण्याइतकी सवड पोटातल्यांनी दिलीच नाही. पोटातल्यांनी म्हणते, कारण दोघी निघाल्या आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं, जिजालासुद्धा.

पहिली आली ती गप्प. थोड्या वेळाने दुसरी आली, तीही गप्प. दोघी वांग्यासारख्या निळ्या. मग वार पडली, ती मात्र एकच. दोन नाळा त्या एकाच वारेतून निघाल्या होत्या आणि एकमेकींत गुंतल्या होत्या. सासूबाईंनी कढत पाणी आणलं. जिजा उजव्या हाताने वार शेकू लागली. तिचा डावा हात एका नाळेवर होता. मी आडवी पडून बघत होते. तिच्या चिमटीतली बोटं पांढरी पडली होती. नुसती नाडी बघताना बोटं पांढरी पडत नाहीत, एवढं मला त्या अवस्थेतही कळत होतं. पण नाळ कुणाची, ते काही दिसत नव्हतं.

त्या वेळी ती वारेशी बोलली नाही. ओठ घट्ट मिटून बसली होती.

मग एकीच्या नाकातून फेस आला, ओठ लाल झाले, लाली छातीवर उतरली आणि ती रडली. ती माझी सोनू. दुसरी अंगाने तिच्यापेक्षा भरलेली होती. तिची छाती एकदाच वर आली आणि खाली गेली, ती गेलीच. सासूबाईंनी तिला वारेसकट मागच्या केळीखाली पुरलं. मला रडू आलं नाही. हातात एक जिवंत पोर होतं आणि ते गार पडत होतं, रडायला वेळ कुठे होता.

सोनूला मी उघड्या पोटाशी धरलं, वरून जुन्या लुगड्याच्या घड्या, शेजारी निखाऱ्यांचं मडकं. एवढ्याशा जिवाला स्वतःची ऊब धरता येत नाही. पण ऊब आली तरी तिचा श्वास माझ्या जिवाला घोर लावायचा. भराभर घ्यायची, घ्यायची आणि एकदम थांबायची. काहीच नाही. मी हलवायला हात पुढे करावा तेवढ्यात पुन्हा सुरू.

जिजा रोज शेकायला यायची. एका सकाळी ती बराच वेळ सोनूकडे बघत बसली आणि म्हणाली, "पाली लावलीय दोघींनी."

"कसली पाळी?"

"ही थांबते ना वयनी, तवा ती घेते."

मी तिला तोंडाला येईल ते बोलले. ती उठून गेली नाही. दोनच दिवसांनी मी सोनूला कुशीवर निजवलं होतं. डोळ्यांदेखत तिच्या अंगावर मधोमध एक रेघ उमटली, कपाळापासून बेंबीपर्यंत, सुताने आखल्यासारखी. रेघेच्या खालची बाजू लालबुंद, वरची पांढरीफटक. एका कुडीत जणू दोन पोरी. जिजाने पदर तोंडात कोंबला आणि भिंतीपर्यंत मागे सरकली. असं घाबरलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी सोनूला उताणी केली तशी रेघ विरली.

मी त्याच दिवशी सासऱ्यांना पाठवून मिशनच्या दवाखान्यातल्या इनेझ सिस्टरना बोलावलं. सिस्टरनी सोनूला सगळीकडून तपासलं आणि शांतपणे समजावलं. पोटात असताना पोराच्या फुफ्फुसांत पाणी असतं, श्वासाचं काम वार करते. बाहेर आल्याबरोबर ते पाणी हटायला हवं, काळजातली एक खिडकी मिटायला हवी, रक्ताला नव्या वाटा कळायला हव्यात. अपुऱ्या दिवसांच्या पोराला हे शिकायला वेळ लागतो. म्हणून श्वास मधेच विसरतो, म्हणून कुशीवर निजवलं की अर्धं अंग लाल होतं. "घाबरू नको, प्रेमलता. ती अजून बाहेर यायला शिकतेय."

माझ्या जिवात जीव आला. सिस्टर म्हणाल्या तसंच झालं, थोड्या महिन्यांत श्वास एकसारखा झाला आणि रेघ पुन्हा दिसली नाही. पण ती पांढरी पडलेली बोटं सिस्टरना मी सांगितली नव्हती.

बारशाला आमच्यात वरवंट्याला कुंची घालून आधी तो पाळण्यात घालतात, मग पोर. त्या दिवशी जिजा न बोलावता आली, वाकली आणि वरवंट्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. बायकांना वाटलं, म्हातारी चळली. पुढे चटणी वाटताना तो वरवंटा मला हाताला कोमट लागायचा. उन्हात राहिला असेल म्हणून मी तो आतल्या काळोख्या खोलीत ठेवला. तिथेही कोमटच. शेवटी मी नवा आणला आणि जुना केळीखाली नेऊन ठेवला.

एकच प्रश्न मला वर्षानुवर्षं कुरतडत होता. जिजाने दुसरीची नाळ दाबून तिच्या वाट्याचा जीव माझ्या सोनूला दिला का? विचारायची हिंमत होत नव्हती. 'हो' म्हणाली असती, तर तिचे पाय धरायचे की नरडं, हे मला ठरवता आलं नसतं. आणि ज्याचं देणं लागतो ते माणूस कधीतरी मागायला येतंच, ही भीती वेगळी. सोनूला साधा ताप आला तरी मी आधी मागच्या केळीकडे बघायची.

सोनू दहा वर्षांची झाली तेव्हा जिजा आली नाही. ती कामणला भाच्याकडे, हिरामणकडे, अंथरुणाला खिळली होती. त्याने निरोप धाडला, आत्या पोरीला बघायचं म्हणते. मी सोनूला घेऊन एसटीने गेले. हिरामणची बायको माहेरी होती, घरात तो एकटाच. जिजाने सांगून करवून घेतलेले दोन लाडू त्याने ओटीवर बसलेल्या सोनूच्या हातात दिले आणि तो डॉक्टरला आणायला गेला. मी आत गेले.

जिजा भराभर श्वास घेत होती, घेत होती आणि एकदम थांबत होती. मग पुन्हा सुरू. तो श्वास मी ओळखला. दहा वर्षांपूर्वी माझ्या पोटाशी तोच होता.

मी तिचा डावा हात हातात घेतला. "जिजामावशी, चिमटी दाबली होतीस ना?"

तिने मान हलवली. हो.

"दुसरीच्या नाळेची?"

तिने माझी बोटं घट्ट धरली. मग म्हणाली, "नाय. सोनूच्या."

मला वाटलं, ती बरळतेय.

"सोनू बारीक व्हती. मना वाटला, ही काय जगत नाय. दुसरी भरलेली, तिला तरी वाचवू. सगला जीव तिच्याकडं लावला." श्वास थांबला, पुन्हा आला. "तिनं घेतला नाय, वयनी. तिनं उलटा धाडला. माज्या चिमटीतून गेला. बोटांना कलला मना."

"मग तू दर वर्षी यायचीस ती..."

"बघाला यायची. ती परत मागते काय, त्ये."

माझा हात तिच्या हातात होता, तो मला सोडवेना. तिचा श्वास थांबला. मी वाट बघत राहिले. पुन्हा आला नाही.

मी ओटीवर आले. सोनूच्या ओठांना खोबरं लागलं होतं आणि दोन्ही हात रिकामे होते.

"दुसरा लाडू कुठे आहे?"

"खाल्ला."

"तो कावळ्याचा असतो ना गं?"

"मी ठेवणारच होते. पण ती म्हणाली, मला नको, तूच खा."

अंगणात कोणी नव्हतं. हिरामण अजून परतला नव्हता, आणि शेजारचं दार बाहेरून कडी लावून बंद होतं. कोण म्हणालं, हे मी सोनूला विचारलं नाही. तिला जवळ ओढली आणि तिच्या छातीला कान लावला. श्वास एकसारखा चालला होता. मग त्या दुसरीसाठी मी पहिल्यांदा रडले.