वाइंडिंगसरांचे दोन मीटर

कुणी गणित चुकवलं की वाइंडिंगसरांना आनंद व्हायचा. टाळी वाजवून, चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. त्यात कुचेष्टा नसायची. "वा बेटा, ही चूक मी अजून पाहिली नव्हती," म्हणत ते ती आपल्या वहीत उतरवून घ्यायचे. बरोबर उत्तराला मात्र नुसतं "हं". महिन्याभरात मला बरोबर उत्तर द्यायची लाज वाटू लागली.

सर राजापूरकडचे. मस्कतच्या गाला भागात, गॅरेजांच्या रांगेत, जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळायचं, म्हणजे वाइंडिंगचं, वर्कशॉप ते चालवायचे. मालक ओमानी, त्यांना सगळे अर्बाब म्हणत. पण कारभार सरांचा. वादी अदाईतल्या आमच्या बिल्डिंगची पाण्याची मोटर बसवायला आले असताना त्यांना जिन्यात माझ्या हातातलं पुस्तक दिसलं. त्यांनी सहज एक प्रश्न विचारला. मी एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला तो आला नाही. पुढच्या शुक्रवारपासून मी आणि माझ्या वर्गातली ओमानी मैत्रीण सलमा, दोघी वर्कशॉपमध्ये हजर. सकाळी आठपासून सरांची जुम्म्याच्या नमाजाला जायची वेळ होईपर्यंत वर्ग.

माझी निकड मोठी होती. पुण्याच्या एका संस्थेत पीएच.डी.साठी दिलेल्या तोंडी परीक्षेत मी एकदा आपटले होते, तेही याच विषयात, विद्युतचुंबकत्वात. दुसऱ्यांदाही नाही जमलं तर सोहारच्या अॅल्युमिनियम कारखान्यात नोकरी धरायची, असं घरी ठरलं होतं. बाबांनी तिथे शब्द टाकूनही ठेवला होता.

फळ्यावर पोटेन्शियल, म्हणजे विजेची पातळी, लिहिलं की सर विचारायचे, "शून्य कुठे धरलंस?" ते सांगितल्याशिवाय खडू पुढे सरकायचा नाही. फील्ड, म्हणजे क्षेत्र, ही खरी वस्तू आणि पोटेन्शियल ही आपली सोय, हे त्यांनी इतकं डोक्यात भरवलं की सलमा आईशी भांडतानाही आधी शून्य ठरवू लागली. माझे मार्क फार कमी आहेत म्हणून मी एकदा रडवेली झाले, तर सरांनी गंभीर चेहऱ्याने तोच प्रश्न केला. मला हसू आलं. मार्क तेवढेच राहिले.

एका शुक्रवारी त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याभोवती एक लहान, एक मोठा अशा दोन रेझिस्टरचं कडं केलं. त्याच दोन टोकांना एक मीटर डावीकडून जोडला, एक उजवीकडून. दोन्ही मीटर एकच आकडा दाखवणार, यावर मी मान कापून द्यायला तयार होते. सरांनी बटण दाबलं. एकाचा आकडा दुसऱ्याच्या नऊपट! मी मीटर बिघडलाय म्हटलं आणि मीटरांची अदलाबदल केली. आकडे जागचे हलले नाहीत. सर चहाचा ग्लास हातात धरून स्वतःभोवती गोल फिरले. "खलास! पोटेन्शियल खलास!" मधलं चुंबकीय क्षेत्र बदलत असलं की दोन टोकांमधला फरक तार कोणत्या बाजूने नेली त्यावर ठरतो, हे मी त्या दिवशी जन्मभरासाठी शिकले. तेवढ्यात अर्बाब खजूर घेऊन आले. त्यांनी दोन आकडे पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या आणि दोन्ही मीटर फेकून नवे आणायचं फर्मान सोडलं. त्यांना समजावता समजावता सरांची नमाजाची घाई झाली.

पुण्याची तोंडी परीक्षा घरूनच, लॅपटॉपसमोर झाली. लांब कॉइलच्या बाहेर चुंबकीय क्षेत्र नसतं, मग तिथे व्हेक्टर पोटेन्शियल, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं पोटेन्शियल, असेल का, असं विचारलं. मी ठणकावून नाही म्हटलं. म्हणताक्षणी चूक दिसली आणि मला खो-खो हसू फुटलं. पोरगी हातची गेली असं समजून आई स्वयंपाकघरातून धावत आली. हसता हसताच मी कॉइलभोवती एक वर्तुळ काढलं, आतलं क्षेत्र त्यात अडकलेलं दाखवलं आणि म्हणाले, पोटेन्शियल असायलाच हवं. परीक्षकही हसले. आठवड्याने निवड झाल्याचं पत्र आलं.

मी तडक गाल्याला, वर्कशॉपवर गेले. सरांनी कापडाला हात पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिले. मग म्हणाले, "पुस्तकाचे शेवटचे धडे मला येत नाहीत बेटा. अब्बा गेले, मी एम.एस्सी. अर्धवट टाकून इकडं आलो. मला शिकवशील?"

आता मी पुण्यात असते आणि शुक्रवारी सकाळी लॅपटॉपवर त्यांना शिकवते. सर केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. गेल्या शुक्रवारी हलत्या चार्जचं एक अख्खं गणित त्यांनी एकट्याने सोडवलं आणि वही कॅमेऱ्याला चिकटवली. मी ओळ न् ओळ तपासली. सगळं बरोबर होतं. मी तसं सांगितलं, तरी वही हलेना.

"मार्क?" वहीमागून आवाज आला.

मी दहापैकी दहा दिले. सरांनी खिशातून लाल पेन काढलं, मार्क स्वतःच्या हाताने लिहिले, खाली रेघ ओढली आणि उभे राहून म्हणाले, "थँक यू, मॅडम."

मला रडू आवरलं नाही.