एका एन्झाइमची दोन कामं

भाची कॉलेजसाठी माझ्याकडे जालन्याला राहायला आली, तेव्हा अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, तिच्या बॅगेत सॅनिटरी पॅडची पाकिटं घालून दिली होती. पावसाळा संपला, दिवाळी गेली, थंडी पडली. पाकिटं कपाटाच्या त्याच कोपऱ्यात, न फोडलेली. घरातला कचरा मी रोज स्वतः बांधते, त्यामुळे कळायचं ते कळतंच. एका रविवारी ती मेथी निवडत असताना मी तिच्या समोर जाऊन बसले. तिच्याशी बोलायचं तर समोरच बसावं लागतं. लहानपणापासून तिच्या दोन्ही कानांत मशीन आहे. निम्मं ती ऐकते, निम्मं ओठांवरून वाचते.

"तुला पाळी कधी येते गं?"

"येत न्हाई." तिनं मेथीची काडी मोडली. "कधी आलीच न्हाई."

"मग घरी दर महिन्याला बाहेर बसतेस ते काय?"

"आई बसवती. महिना भरला की सतरंजी टाकून देती. कॉलनीतल्या बाया ध्यान ठेवून राह्यतात ना."

अक्का अंकुशनगरला राहते. दाजी कारखान्यात आहेत. कारखान्याच्या वसाहतीत दाराला दार लागून. कुणाची मुलगी मोठी झाली हे अर्ध्या दिवसात सगळ्यांना कळतं, आणि झाली नाही तर तेही कळतं. बरोबरीच्या सगळ्या मुली मोठ्या झाल्या, हिचं काही लक्षण दिसेना, तेव्हा अक्कानं हा उपाय काढला. दर महिन्याला मुलीनं देवघराकडे जायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, ताट-तांब्या वेगळा. सगळं काटेकोर पाळलं जायचं. फक्त पाळी नव्हती.

याचा परिणाम असा झाला की कानाच्या डॉक्टरांनी जेव्हा जेव्हा पाळीचं विचारलं, तेव्हा अक्का म्हणाली, "बिलकुल बराबर येती." मीही फसले. सुट्टीत गेले की पोरगी कोपऱ्यात बसलेली दिसायची, आणि मी अक्काशी भांडायचे की आजच्या काळात कसलं बाहेर बसवतेस. आमचं भांडण चालायचं ते भलत्याच गोष्टीवरून.

त्याच आठवड्यात मी तिला लेडी डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत गर्भाशय लहान मुलीचं असावं तेवढं दिसलं, अंडाशयं तर नीट दिसलीच नाहीत. डॉक्टरांनी तिच्या कानांकडे पाहिलं. "हे कधीपासून आहे?" मला चीड आली. आम्ही पोटाचं विचारायला आलो होतो. पण त्या विचारत राहिल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "दोन्ही एकाच कारणानं असू शकतं. संभाजीनगरला जनुकांच्या तज्ज्ञ आहेत, त्यांना दाखवा."

रक्त दिलं आणि वाट पाहणं सुरू झालं. मी वाट पाहणारी बाई नाही. बदनापूरच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. त्या दिवसांत तासाला उभी असतानाही माझा हात टेबलावरच्या फोनकडे जायचा. घरी आले की डबे उपसायचे, ते घासायचे, परत भरायचे. भाची म्हणाली, "मावशी, चकचकीत झालेत, आता बस कर." अक्काचा फोन रोज यायचा आणि तिचा प्रश्न वेगळाच असायचा. अंबडकडचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा नोकरीला, शेती बरी, आणि मुलीच्या कानातल्या मशीनबद्दल त्यांची काही तक्रार नाही. अशी माणसं परत मिळायची नाहीत, हे अक्काचं म्हणणं. त्यांना काय सांगायचं, यावर सगळं अडून होतं.

रिपोर्ट आला तेव्हा आम्ही तिघी गेलो. तज्ज्ञ मॅडमनी पहिला प्रश्न अक्काला विचारला, "तुम्ही दोघं नवरा-बायको नात्यातले का?"

अक्का पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मीच सांगितलं, "मामाचा मुलगा." आमच्याकडे मामाचं घर म्हणजे पहिला हक्काचा सोयरा. मलाही मामाच्या धाकट्याला द्यायचं चाललं होतं, मी बी.एड.चं निमित्त काढून सुटले.

मॅडमनी समजावलं. शरीरात एक एन्झाइम असतं. लांबलचक मेदाम्लांचे तुकडे पाडायच्या कामातल्या दोन पायऱ्या ते एकटं सांभाळतं, शिवाय बाईच्या हार्मोनवरही त्याला काम करता येतं. त्याचा जनुक आई-बापांकडून एकेक मिळतो. एक बिघडलेला असला तर भागतं. हिला दोन्ही बिघडलेले मिळाले होते, बहुतेक एकाच घरातून दोन वाटांनी. पुरतं बंद पडलेलं असतं तर मूल तान्हेपणीच जातं. हिचं थोडं चालतं, म्हणून ही इतकी धडधाकट. कान आणि अंडाशय, दोन्ही त्यामुळेच. अंडाशय नेमकं कशामुळे थांबतं हे अजून पुरतं उलगडलेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. हार्मोनच्या गोळ्या घ्याव्या लागतील. त्यानं पाळी येईल, हाडं टिकतील. स्वतःच्या बीजाचं मूल होण्याची आशा धरू नये. पुढे तोल जाणं, पाय अडखळणं असं होऊ शकतं, दर वर्षी तपासून घ्यावं.

एन्झाइम हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवते आहे. एक कुलूप, एक किल्ली, असं फळ्यावर काढते. मुलांना ते सोपं जातं.

बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "गोळीनं येईन म्हणल्या ना? झालं मंग. आता कुणाला काय सांगायची गरज?"

"आणि मूल?"

"ते लग्नानंतर बघू. किती जणींना होत न्हाईत."

घरी आल्यावर भाचीनं मला पकडलं. मॅडमच्या तोंडावर मास्क होता, तिला अर्धंच कळलं होतं. मी परत सगळं सांगितलं. "आमच्या कॉलेजातला शिपाई घंटा वाजवतो आणि पाणीही भरतो. तो आजारी पडला की तास चुकतात आणि माठ कोरडा. लोक मात्र तासाची तक्रार एकीकडे करतात, पाण्याची दुसरीकडे."

"म्हंजी कानाचा डॉक्टर अन् पाळीची डॉक्टर एकाच शिपायाच्या तक्रारी ऐकून राह्यले." ती हसली. मग हसणं थांबलं. "मावशी, लेकरू होणार न्हाई, बरोबर?"

"स्वतःचं नाही होणार."

"पाहुण्यांना सांगितलं का?"

"नाही."

"मंग मी त्या घरात काय म्हणून जाऊ? पुन्हा सतरंजीवर बसायला?"

 उठून मी कुकर लावला.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा ती सुट्टीला अंकुशनगरलाच होती. अक्का खूश होऊन सवयीनं सतरंजी घेऊन आली. पोरगी म्हणाली, "येत न्हवती तवा बसले. आता येती, तर बसणार न्हाई." आणि ओट्यापाशी जाऊन कणीक मळायला लागली. हे मला अक्कानंच फोनवर रडत सांगितलं. मी म्हटलं, रडू नकोस, पोळ्या खा.

पाहुणे आले त्या दिवशी मी सकाळच्या बसनं गेले. मनाशी ठरवलं होतं, अक्कानं थाप मारली तर मी बोलणार. मग संबंध तुटला तरी चालेल, तिच्याशी आणि त्यांच्याशीही. आतल्या खोलीत बायका बसल्या. माझा पाय सारखा हलत होता. अक्कानं दोनदा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला. भाचीनं चहा दिला आणि समोरच भिंतीला टेकून बसली. मुलाची आई बरी बाई वाटली. इकडचं तिकडचं झालं, मग तिनं आवाज खाली घेतला.

"मशीनचं आम्हाला काही न्हाई बघा ताई. बाकी समदं बराबर ना? महिन्याच्या महिन्याला?"

मी तोंड उघडणार होते. लपवायचं असलं की अक्का लेकीकडे पाठ करून बोलते, तिला वाचता येऊ नये म्हणून. मी तिच्या मानेकडेच बघत होते. मान वळली नाही. पोरगी तिच्या ओठांकडे टक लावून बसली होती आणि अक्का तिच्याकडे बघत म्हणाली, "गोळीनं येती. गोळी बंद केली की बंद. अन् लेकरू व्हायचं न्हाई, म्हणल्या डॉक्टर."

 त्या बाईनं कप बशीत ठेवला. "सांगितलं ते बरं केलं," एवढं म्हणाली, आणि थोड्या वेळानं बाहेरच्या पुरुषांना हाक मारली.

गाडी गेल्यावर अक्का माझ्यावर उखडली. "झालं समाधान? शिकलेल्या बाया!"

"मी काय बोलले?"

"बोलणार होतीस. तोंड दिसत होतं तुझं."

भाचीनं कप उचलले. "आई, मावशीला कशाला? तूच बोललीस. मी वाचलं."

अक्का पदरानं तोंड पुसत मोरीकडे गेली.

त्या लोकांचा फोन आला नाही. अक्का मात्र अजून वाजलेला प्रत्येक फोन धावत जाऊन उचलते. पुढचं स्थळ आलं तर चहाच्या आधी, फोनवरच हे सांगायचं, असं भाचीनं तिला बजावलं आहे. अक्का त्यावर हो म्हणालेली नाही. विषय निघाला की ती भाजी निवडायला बसते, आणि मी उगीच दारापर्यंत जाऊन परत येते.