फुकट शिकलेलं
आढी उघडली, पिकत्या हापूसचा वास आला की मला त्या कॅनिंग फॅक्टरीच्या मालकाचं ऑफिस आठवतं. तेव्हा मी आंब्याची दलाली करायचो, शिक्षण सातवीपर्यंत. परदेशातल्या एका विद्यापीठाने फळं साठवण्याचा कोर्स इंटरनेटवर फुकट ठेवलाय असं कळलं आणि दोन पावसाळे मी डिक्शनरी घेऊन सायबर कॅफेत बसलो. त्या फुकटात बायकोच्या पाटल्या गेल्या. मालकाला गोदामावर सुपरवायझर हवा होता. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला. "बोला भाऊ, काय शिकलात?" भाव ठरल्याशिवाय पेटी उघडायची नाही, हा माझा धंद्यातला नियम, त्या 'भाऊ'ने तो विसरायला लावला. काढलेला आंबा तापल्या कातळावर ठेवला तर आतून बिघडतो, इथपासून सगळं मी सांगत गेलो आणि त्याचा पुतण्या वहीत उतरवत गेला. मग मालकाने विचारलं, "सर्टिफिकेट?" मी म्हटलं, "फुकटच्या कोर्सला देत नाहीत." "मग झालं तर! फुकट शिकलास, फुकट सांगितलंस. फिट्टंफाट." सगळं ऑफिस हसलं. बाहेर आलो तर गडी कातळावरच्या पेट्या सावलीत ओढत होते आणि पुतण्या त्यांना हुकूम सोडत होता. आता माझी स्वतःची फॅक्टरी आहे. परवा एक मुलगी मोबाइलवर असाच कोर्स करून नोकरी मागायला आली. मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हटलं, "बोला ताई, काय शिकलात?" वही मी आधीच उघडून ठेवली होती.